गवत मोजायची प्लेट

साउथलंड, न्यूझीलंड

चि. मुकुल,

आशीर्वाद घे, आणि हे पत्र आईबाबांसमोर वाचू नकोस. फोनवर तुझा आवाज आला की मी खोटं बोलते, म्हणून लिहितेय.

तब्येत झकास आहे. थंडी आता सोसते. आईला मुलुंडचे तीन जिने अजून झेपतात का?

दर मंगळवारी मी इथल्या डेअरीची सगळी कुरणं चालून गवत मोजते. काठीला खाली गोल प्लेट असते, ती गवतावर टेकवली की उंची कळते. सहा तास माणूस दिसत नाही. आकडे मोठ्याने म्हणते, तेवढंच कानावर मराठी पडतं.

गेल्या आठवड्यात वाट लागली. माझ्या मोजणीप्रमाणे चार दिवस पुरणारं गवत दोन दिवसांत संपलं आणि गायी फाटकाशी येऊन हंबरायला लागल्या. मालक ग्रॅहम दुसऱ्या दिवशी माझ्यामागून चालला. म्हणाला, "तू हिरवं बघून प्लेट ठेवतेस. दर दहा पावलांनी, जिथे पाय पडेल तिथे ठेव. चिखल असला तरी."

वर 'झकास' लिहिलंय ना, ते हिरवं बघूनच. रविवारी मी दिवसभरात एक शब्द बोलले नाही रे. कुकर लावला आणि न जेवताच झोपले.

तूही दर वेळी 'बाबा मजेत' म्हणतोस. मग दोन महिने ते फोनवर का येत नाहीत?

हे वाचलंस की लगेच त्यांच्या खोलीत जा, आणि ते जसे दिसतील तसे मला लिही. चिखल असला तरी.

तुझ्या उत्तराकडे डोळे लावून,
मधुताई