दोन पोती शाळू

मु. कोरटवाडी, ता. जत
२० मे १९७३

चि. सौ. राहीस,
दादाचे आशीर्वाद. इकडे आम्ही बरे आहोत. मी आणि तुझी वहिनी दुष्काळी कामावर खडी फोडायला जातो. टँकर एक दिवसाआड येतो. बैल छावणीत आहेत. तुमच्या अथणीकडच्या विहिरीला पाणी टिकलंय असं कळलं, बरं वाटलं.

हे पत्र तूच वाच. भाऊजींना द्यायचं की नाही ते मग ठरव.

फाल्गुनात तुझा निरोप आला होता, "दादा, दोन पोती शाळू हाय. हद्दीच्या नाक्यावर धान्य अडवत्यात, पर मी बांधाबांधानं डोक्यावरनं आणते." आपल्या शेजारच्या धोंडुबाईनं तिच्या तिकडच्या माहेराहून तसाच आणला. मी मात्र तुला कळवलं, चोरून आणायचं नाही. सतरा वर्षं पलटणीत काढली, जम्मूपासून आसामपर्यंत कुणी मला अडवलं नव्हतं. बहिणीच्या रानातला शाळू चार कोसांवरून आणायला चोरी कशाला? मी सांगलीला परवान्यासाठी अर्ज केला. तो मुंबईला गेला, तिथून बंगलोरला. महिना झाला तरी उत्तर नाही, म्हणून थेट दिल्लीला लिहिलं.

आईला रेशनचा मिलो, ती लाल अमेरिकन ज्वारी, पचत नव्हता. मिरजेच्या डॉक्टरांनीही तो बंद करा म्हणून सांगितलं. ती रोज विचारायची, "राहीचा शाळू कवा येतुया रं?"

मी म्हणायचो, परवाना येतोय.

एक दिवस ती चिडली. "ती काय परकी झाली व्हय? आईला दोन पायली धाडवंना तिला?"

तेव्हाच खरं सांगायला हवं होतं. पण मीच तुला अडवलंय हे तोंडातून निघेना. म्हणालो, "तिच्याकडं बी काय न्हाई, आई. जे हाय ते तिच्या सासरच्यांना लागतंय."

त्यानंतर आईनं तुझं नाव काढलं नाही.

शेवटी तू आलीस, दोन दिवस उशाशी बसलीस. तिनं भिंतीकडं तोंड फिरवलं ते फिरवलंच. तू मला विचारलंस, "आई माज्याकडं बघत का न्हाई रं, दादा?" मी म्हणालो, "तापात हाय."

ताप नव्हता, राही.

आईच्या तेराव्यानंतर दिल्लीचं उत्तर आलं. हिंदीत, टाइप केलेलं. धान्याची ने-आण हा दोन्ही शेजारी राज्यांनी आपसात मिटवायचा प्रश्न आहे, केंद्र त्यात पडू इच्छित नाही, अर्ज पुन्हा सांगलीला धाडला आहे. मी तो कागद चार-पाचदा वाचला. संतापायचं होतं, पण जमलं नाही. त्यांनी राज्यांवर ढकललं आणि मी तुझ्यावर. त्यांना निदान तुझ्या तोंडाकडं बघावं लागत नाही.

आईला आता सांगता येत नाही. तू दिला नाहीस असं समजून ती गेली. तू देत होतीस. मी आणू दिला नाही.

हंबीरराव