नकाशातली पांढरी जागा

१२ ऑगस्ट, कडाव

आज कॉलेजात आमच्या गटाचा पूर-आराखडा सरांना आवडला. समुद्रकाठचं शहर, वरच्या भागात तुंबलेलं पाणी दोन नाल्यांतून थेट खाडीकडे. रस्ते लगेच मोकळे! मी ऐटीत घरी नकाशा पसरला.

बाबांनी नाल्यांच्या तोंडाशी, खाडीजवळ आम्ही कोऱ्या सोडलेल्या पांढऱ्या जागेवर बोट ठेवलं. "हितं कोन ऱ्हातं गं?"

"वस्ती आहे, बाबा."

"मग पानी सोडायच्या आधी त्यांना हाक दिली काय?"

हाक. भातखाचरात पाणी चढलं की बाबा बांध फोडायच्या आधी खालच्या शेतातल्या काकांना ओरडून सांगतात. काकांनी त्यांच्या शेतातलं पाणी काढून दिलं की मगच आमचा बांध फोडायचा. लहानपणापासून बघतेय मी हे. मग ती जागा पांढरी राहिलीच कशी? बाकीच्यांचं सोडा, मला तरी कळायला नको?

स्वतःचाच राग आलाय. परवा आराखडा स्पर्धेला जाणार, म्हणजे उद्याच सरांना सांगायचं. गटातले वैतागतील. वैतागू देत. आधी वस्तीचं पाणी बाहेर, मगच वरचं सोडायचं.

पांढऱ्या जागेत पहिलं घर काढलंय. दार मुद्दाम वरच्या अंगाला ठेवलंय. हाक ऐकू गेली पाहिजे.