चंद्रभागाबाईंच्या नावाचा मेल

५ ऑगस्ट, सोमवार

नाही, पुस्तक माझ्याकडे नाही. घरात असेल. घरात असणं वेगळं, माझ्याकडे असणं वेगळं.

आज पुन्हा मेल. 'चंद्रभागा झुंबर गांगुर्डे, आपल्याकडील पुस्तकाची मुदत संपली आहे, कृपया परत करावे.' दर सोमवारी चहाच्या वेळेला येतो. बायकोला जाऊन ऑक्टोबरात दोन वर्षं होतील. तिला मेल नव्हता म्हणून माझा दिला होता, आता तिची बोलणी मी खातो.

विहाराच्या वाचनालयात 'ग्रंथपेटी' नावाचा फुकटचा प्रोग्राम आहे, तो हे मेल सोडतो. मयूरनं बसवून दिला, बाप-लेक बोलत होतो तेव्हा. तो आणि जगभरातले त्याच्यासारखे रिकामे लोक नोकरी सांभाळून हा प्रोग्राम बनवतात. पगार नाही. मी तेव्हाच म्हटलं होतं, पगार नाही तर ते काम कसलं.

समोरची ज्योत्स्ना कॉम्प्युटरचे क्लास घेते, तिला दाखवलं. म्हणाली, काका, ग्रंथपाल तुम्ही, पुस्तक तुमच्याच घरात, जमा करून टाका, मेल आपोआप बंद. मी म्हटलं, पुस्तक टेबलावर आल्याशिवाय मी कुणाचंच जमा करत नाही. नियम म्हणजे नियम. म्हणाली, मग आणा टेबलावर. मी म्हटलं, शोधावं लागेल.

उशीखाली आहे. तिच्या. उगाच हलवाहलव कशाला.

चूक प्रोग्रामची आहे. तक्रार करणार.

८ ऑगस्ट

तक्रार केली. ज्योत्स्नानं साईट उघडून दिली. प्रोग्रामात काही बिघडलं की तिथं लिहायचं. त्याला 'बग' म्हणतात. मग ते लोक बघतात, आपसात वाद घालतात, जमलं तर दुरुस्त करतात. प्रत्येक बगला नंबर. माझा २२१६.

लिहिलं : मेलेल्या माणसाला आठवण पाठवू नये. खाली सही, झुंबर गांगुर्डे, नाशिकरोड. ज्योत्स्ना म्हणाली, सही लागत नाही काका. मी म्हटलं, राहू दे.

मग साईटनं विचारलं, मेल कशाकशाचे पाहिजेत, फक्त तुमच्या बगचे की सगळ्यांचे. मी म्हटलं, सगळ्यांचे. ती म्हणाली, ढीग येईल. येऊ दे. माणसं कामं करतात की नाही ते कळायला नको?

मयूरचं नाव दिसावं म्हणून नव्हे. तसं तिनं विचारलंही नाही.

९ ऑगस्ट

ढीग आला. सगळा इंग्रजी. अमक्यानं तमक्याला लिहिलं, अमक्यानं बग बंद केला, दुसऱ्यानं पुन्हा उघडला. शाळकरी पोरांसारखं. मयूरचं नाव चार ठिकाणी. शोधलं नाही, दिसलं.

१२ ऑगस्ट, सोमवार

२२१६ कुणीतरी मयूरच्या नावावर टाकला. ज्योत्स्ना म्हणाली, सभासदांना जाणारे मेल हा भाग तोच बघतो. मी म्हटलं, योगायोग.

आता बघू काय करतो. फोन मी करणार नाही. तो लहान, त्यानं करायचा. हे मी ठरवलंय आणि आजवर पाळलंय.

चंद्रभागाचा मेल आलाच.

२० ऑगस्ट

देवराम आला चहाला. माझ्या खिशात सारखं टिंग टिंग. म्हणाला, झुंबर, मोबाईल हाय का बॉयलर? मी म्हटलं, तुला काय कळतं. म्हणाला, मला नाय कळत, पण खिसा भाजल तुझा.

देवराम माझ्याच शिफ्टला होता, एकलहऱ्याच्या वीज केंद्रात. मी कंट्रोल रूममध्ये. आयुष्य हूटर ऐकण्यात गेलं. हूटर वाजला की आधी ॲक्नॉलेजचं बटण दाबायचं. आवाज बंद. मग पॅनेलवर दिवा कुठला लागलाय ते बघायचं. नवी पोरं नुसत्या आवाजानं घामाघूम व्हायची. मला बघताच कळायचं, खरा कुठला, उगाचचा कुठला. एकदाही चुकलो नाही.

तसं देवरामला म्हटलं. तो म्हणाला, प्लांटात नाय चुकला. मग बशीतला चहा संपवला आणि गेला.

'प्लांटात' का म्हणाला, विचारलं नाही.

२६ ऑगस्ट, सोमवार

मेलवर वेळ असते. हा मुलगा पहाटे पहाटेपर्यंत लिहीत बसतो. सकाळी ऑफिस. जनावरसुद्धा झोपतं. पुण्यात सांगणारं कोण आहे?

मेलच्या खाली रिप्लायचं बटण आहे. दाबलं. लिहिलं, झोपत जा. खाली सही, तो मला म्हणतो तीच, दादा.

फोन नव्हे हा. रिप्लाय.

२७ ऑगस्ट

तो रिप्लाय मयूरला गेलाच नाही. म्हणजे गेला, पण साईटवर गेला, आणि तिथून सगळ्यांना. जेवढ्यांनी मेल लावून घेतलेत तेवढ्यांना. ब्राझीलच्या एकानं विचारलं, 'झोपत जा' हा कुठला एरर आहे, माझ्याकडे येत नाही. पुण्याच्या कुणी भाषांतर करून सांगितलं. मग अंगठे, बदाम, हसरे चेहरे. एकानं लिहिलं, ही सूचना सर्वांना लागू करावी. मयूरचं काही नाही.

ज्योत्स्ना ओढणी तोंडात धरून हसत होती. माझ्याकडे बघितलं आणि थांबली. म्हणाली, काका, मनावर घेऊ नका, लोकांना आवडलंय. मी म्हटलं, लोकांना आवडायला लिहिलं नव्हतं.

२८ ऑगस्ट

तमाशा बंद. ज्योत्स्ना पोरांना शिकवते तेव्हा बघून बघून शिकलो, फिल्टर स्वतः लावला. साईटवरून येणारा प्रत्येक मेल आता वाचलेला धरायचा आणि सरळ एका फोल्डरमध्ये टाकायचा. फोल्डरला नाव दिलं 'हूटर'. खिसा गप्प.

ज्योत्स्नाला दाखवलं. शाबासकी दिली, पण म्हणाली, तुमच्या स्वतःच्या बगचे तरी बाहेर ठेवा. नाही. एकाला सूट दिली की दुसरा येतो. आणि खरा अलार्म बटण दाबून मरत नाही. दिवा लागलेलाच राहतो. कुणी लक्ष दिलं नाही तर पुन्हा वाजतो. काम खरं असेल तर पुन्हा वाजेल.

दर रविवारी 'हूटर' उघडून बघायचं. ठरलं.

१ सप्टेंबर, रविवार

निफाडला जावं लागलं. पुतणीची सोयरीक. उघडलं नाही.

८ सप्टेंबर, रविवार

चष्म्याची काडी तुटली.

१५ सप्टेंबर, रविवार

लाईट नव्हती. मोबाईलला लाईट लागत नाही, पण मूड गेला.

१८ सप्टेंबर

वाचनालयात कुणी नव्हतं. ज्योत्स्ना पुस्तक बदलायला आली आणि बसली. विचारलं, काका, तुमचं आणि मयूरदादाचं नेमकं झालं काय? मी म्हटलं, काही नाही.

झालं ते एवढंच. तो सुट्टीवर आलेला. दुपारी चंद्रभागा म्हणाली, छातीत भरून आलंय. त्यानं लगेच गाडीची चावी घेतली. मी म्हटलं, गॅस आहे, सोडा दे, बस जरा. जरा काही झालं की दवाखाना, ही आजकालची फॅशन. सोडा दिला. तिला बरं वाटलं. ती स्वतः म्हणाली बरं वाटतंय, त्याला साक्षीदार आहेत. संध्याकाळी मग नाही वाटलं.

सगळ्या भावकीसमोर मला म्हणाला, दादा, तुम्ही आईचा पण हूटर बंद केला.

बापाला असं बोलतात का? मी म्हटलं, चालता हो. झाला. जन्मात माझं ऐकलं नाही, तेवढं एकच ऐकलं.

ज्योत्स्नाला यातलं काही सांगितलं नाही. सांगितलं की पुस्तकाला कव्हर घाल.

२९ सप्टेंबर, रविवार

पुढच्या रविवारी, सहा तारखेला, चंद्रभागाचा स्मृतिदिन. भन्तेजींना सांगून आलो. विहाराच्या हॉलमध्ये वंदना, नंतर जेवण.

देवराम म्हणाला, मयूरला कळवलं का? मी म्हटलं, तारीख त्याला माहीत आहे, आई त्याची आहे. तो म्हणाला, मागच्या साली पण माहीत व्हती. मागच्या साली शुक्रवार होता, सुट्टी नसेल मिळाली. यंदा रविवार आहे.

देवरामच्या बायकोला, भागीबाईला, थोडी बोंबलाची चटणी करायला सांगितली. घरी खायला. मला आवडते. देवराम म्हणाला, तुला तर बोंबलाच्या वासानं मळमळतं, चटणी तर मयूर खायचा. मी म्हटलं, माणसाची आवड बदलते.

'हूटर' आज उघडणार होतो. पण कामं पडली.

६ ऑक्टोबर, रविवार, सकाळी

दाढी केली. पांढरा शर्ट. पहिल्या रांगेत माझ्या बाजूची खुर्ची पिशवी ठेवून धरली आहे. कोपऱ्यातला पंखा लागत नाही, वारा त्या रांगेतच येतो, म्हणून. गाडी लावायला गेटजवळ जागा सोडायला सांगितली. कुणी ना कुणी गाडी आणतंच.

तोच दिवस, संध्याकाळी

आला नाही.

वंदना चांगली झाली. जेवण पुरलं. मी दोन-तीनदा गेटपर्यंत गेलो, पाहुण्यांना पोचवायला. भागीबाई म्हणाली, भाऊजी, आता पिशवी उचला, म्हातारी माणसं उभी आहेत.

चटणी ज्योत्स्नाला दिली.

असला मुलगा असण्यापेक्षा. जाऊ दे.

७ ऑक्टोबर, सोमवार

चहाच्या वेळेला मेल. 'चंद्रभागा झुंबर गांगुर्डे, आपल्याकडील पुस्तकाची.' डोकं फिरलं. तसाच ज्योत्स्नाच्या दारात गेलो. म्हटलं, दोन महिने झाले तक्रार करून, काय केलं तुमच्या त्या शहाण्यांनी? आईला मरून दोन वर्षं झाली आणि पोराला एक मेल बंद करता येत नाही? काढ ते 'हूटर'.

तिनं काढलं. हजारो. तिनं २२१६ टाकून शोधलं. वाचता वाचता दारातच खाली बसली. म्हणाली, काका, वाचू का तुम्ही वाचता? मी म्हटलं, चष्मा आणला नाही, वाच.

चार सप्टेंबरचं होतं. मराठीत.

'दादा, हे तुम्हीच. खाली सही बघून कळलं. दोन गोष्टी विचारायच्या आहेत. आईचं नाव सभासदांतून कायमचं काढू, की फक्त मेल बंद करू? माझ्याच्यानं काढवत नाही, म्हणून विचारतो. दुसरं, सहा ऑक्टोबरला विहारात येऊ का? तुम्ही चालता हो म्हणाला होतात, तेव्हा तुम्ही ये म्हटल्याशिवाय येणार नाही. इथंच नुसतं हो लिहा. आणि झोपतो मी हल्ली.'

त्याखाली मयूरनं साईटची खूण लावलेली. माहिती हवी, झुंबर गांगुर्डे यांच्याकडून.

त्याखाली अकरा सप्टेंबर, साईटची आठवण. आपल्याकडून माहिती हवी आहे.

त्याखाली अठरा सप्टेंबर. पुन्हा तेच.

त्याखाली चार ऑक्टोबर. महिन्याभरात माहिती न मिळाल्यामुळे बग बंद करण्यात येत आहे.

म्हणजे पुन्हा वाजला होता. दोनदा.

ज्योत्स्ना म्हणाली, काका, आत्ता लिहा. मी म्हटलं, आता काय लिहायचं, रविवार गेला. म्हणाली, तरी लिहा. मोबाईलवर मीच टाईप केलं. हो. तेवढंच विचारलं होतं. सही केली नाही.

९ ऑक्टोबर

उत्तर नाही. फिल्टर काढून टाकला. ढीग पुन्हा सुरू. प्रत्येक टिंगला बघतो.

देवराम म्हणाला, खिसा परत बोलाया लागला वाटतं. मी त्याच्या बशीत चहा ओतला.

११ ऑक्टोबर

साईटचा मेल. मयूर यापुढे ग्रंथपेटीवर काम करणार नाहीत. त्यांच्याकडचे बग सध्या कुणाकडेही नाहीत. त्यांचं खातं बंद आहे, त्यांना लिहिलेलं त्यांना पोचणार नाही.

ज्योत्स्नानं तारीख बघितली. खातं रविवारीच बंद केलेलं. सहा तारखेला. माझा 'हो' सोमवारचा.

म्हणाली, फोन करा काका. नंबर असेल ना तुमच्याकडे. मी म्हटलं, नियम आहे. म्हणाली, कसला नियम, आणि आत निघून गेली. एवढी पोर, पण माझ्यावर दार आपटलं.

१२ ऑक्टोबर

फोन केला. देवळालीकडे फिरायला गेलो होतो, रस्त्यावर कुणी नव्हतं, सहज केला.

रिंग गेली. एकदा पूर्ण. दुसरी अर्ध्यात बंद झाली. रेंज जाते तशी नाही. कुणी बटण दाबून बंद करतं तशी. ते मला कळतं, ते तरी मला कळतं.

खरा असेल तर पुन्हा वाजतो, असं मीच सांगत आलो सगळ्यांना. मोबाईल खिशात टाकला. पुन्हा लावला नाही.

१४ ऑक्टोबर, सोमवार

चहाच्या वेळेला मेल. 'चंद्रभागा झुंबर गांगुर्डे.' नाव पूर्ण वाचलं.

ज्योत्स्ना आली. रागावलेली नव्हती. म्हणाली, ब्राझीलच्या त्या माणसानं विचारलंय, २२१६ मी घेऊ का, सोपं काम आहे, तासाभरात मेल बंद होईल. पुन्हा उघडायचा का बग? मी म्हटलं, नको. म्हणाली, मग मेल येत राहतील. मी म्हटलं, येऊ दे, एक मेल काय जड आहे.

साईटचे सगळे मेल मात्र बंद केले. फिल्टर नाही, मुळातूनच. आता आठवड्याला एकच वाजतो.

जाताना ज्योत्स्नानं विचारलं, काका, ते पुस्तक सापडलं का, कुठलं होतं?

सांगितलं नाही. इथंही लिहिणार नाही.