दस्तीखालची कणीक

मामा,

उद्या इथल्या एका हॉटेलच्या हॉलमध्ये मला भाषण करायचं आहे. या धंद्यात नव्यानं आलेली पोरंपोरी असतील, गळ्यात ओळखपत्र आणि हातात दोन-दोन फोन. विषय त्यांनीच कळवलाय: घरं आणि प्लॉट विकणाऱ्या एजंटला वाटाघाटीचं कौशल्य का लागतं. दुपारची जेवणं आटोपून मी तुमच्याच ओसरीत कागद घेऊन बसले. ‘व्यासपीठावरील मान्यवर’ एवढं लिहून झालं आणि पुढं पेन हलेना. या विषयातलं मला जे येतं ते तुम्ही शिकवलेलं, आणि तुम्हाला कुणी मान्यवर म्हटलं असतं तर कोण आलंय म्हणून तुम्ही मागं वळून बघितलं असतं. म्हणून तो कागद बाजूला सारला आणि हा घेतला.

आता आपल्याला दलाल कुणी म्हणत नाही. बाहेर पाटी आहे, तिच्यावर ‘प्रॉपर्टी कन्सल्टंट’ आणि खाली माझं नाव. तुमच्या वेळी पाटी नव्हती. नांदेडच्या या घराच्या ओसरीत एक बाज आणि बाजेवर खांद्यावरची लाल दस्ती सारखी करत बसलेले तुम्ही, एवढंच ऑफिस. मला इंग्रजी येतं, हिशेब येतो, म्हणून आधी तुमचे फोन उचलायला लागले, मग सातबारा वाचायला, मग तुमच्या मागं प्लॉटवर यायला. सून दलालीला जाते म्हणून नातेवाइकांत कुजबुज झाली तेव्हा तुम्ही म्हणालात, “मग मुलाला धाडू का? तो गिऱ्हाइकाला गृहपाठ देऊन येईल.” तुमचा मुलगा अजून मुदखेडच्या शाळेत शिकवतो, सकाळच्या गाडीनं जातो, आणि अजूनही त्याला मेथीच्या जुडीचा भाव करता येत नाही.

मेथी म्हटलं की ती सकाळ आठवतेच. लग्न होऊन मला फार दिवस झाले नव्हते. दारावर एक बाई टोपली घेऊन यायची. मी तिच्याशी असा भाव केला की शेवटी तिनं जुड्या माझ्या पदरात टाकल्या, वर कोथिंबीर मी स्वतःच उचलून घेतली. मोठ्या ऐटीत आत आले. तुम्ही मागोमाग स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापर्यंत आलात.

“काय करून राहिलीस बाई तू? सौदा करून राहिली का झडती घेऊन राहिली?”

“स्वस्तात दिली की तिनं, मामा.”

“दिली न्हाई तिनं. तू काढून घेतली. टोपली उचलताना तिचं तोंड बघितलं का?”

मी बघितलं नव्हतं. पुढचे काही दिवस ती आपल्या दारासमोर गप्प व्हायची आणि शेजारच्या दारात गेल्यावर पुन्हा ओरडायची. एका सकाळी तुम्ही चप्पल घालून गल्लीच्या टोकापर्यंत गेलात, तिला हाक मारून परत आणलंत आणि ती सांगेल त्या भावानं एवढी मेथी घेतलीत की आत्याबाई म्हणाल्या, “आता बैल पण आणा दोन, खायला!” आठवडाभर आपल्या घरात मेथी शिजत होती. मला तुम्ही पुन्हा एका शब्दानं बोलला नाहीत. फक्त एक दिवस म्हणालात, “चल, तुला बोटं शिकवतो.”

बोटं म्हणजे देवणीच्या बैलबाजारातली. प्लॉटच्या धंद्यात येण्याआधी तुम्ही तिथं जनावरांची दलाली केली होती. घेणारा आणि विकणारा समोरासमोर उभे राहतात, हातात हात देतात, वरून दस्ती टाकतात. वर दोघांची तोंडं बैलाकडं, जसं काही चाललंच नाही, आणि खाली बोटं बोलत असतात. एक बोट धरलं की इतके, दोन धरली की तितके, वरचं पेर दाबलं की निम्मे, आणि सगळा पंजा आवळला की ठरलं. मला वाटायचं, ही चोरटेपणाची रीत असणार, शेजारच्याला भाव कळू नये म्हणून. तसं बोलूनही दाखवलं.

“शेजारच्याचं काय घेऊन बसलीस?” तुम्ही म्हणालात. “चार माणसांत आकडा तोंडातून गेला ना, की तो मानगुटीवर बसतो. मग मनात लई आलं तरी खाली उतरता येत न्हाई. बायको बघून राहिली, मेव्हणा बघून राहिला. दस्तीखाली धा बार उतर, धा बार चढ. कोण बघतंय? माणसाला मागं सरकायला जागा ठेवावी लागते बाई. ती जागा म्हणजेच आपली दलाली.”

मी हात पुढं केला. शिकायचं होतं ना! तुम्ही मागं सरकलात. आपल्यात ते नव्हतंच. पाण्याचा तांब्यासुद्धा मी ओट्यावर ठेवायचे आणि तुम्ही तिथून उचलायचात. सासऱ्यानं सुनेचा हात धरायचा, तोही बोटं दाबायला, म्हणजे काय! तुम्ही माझ्याकडं बघता, मग भिंतीकडं बघता, आणि आत्याबाई चुलीपुढून तोंडाला पदर लावून हसताहेत, “लाजलं बघा म्हातारं!” मग तुमची नजर परातीकडं गेली. मी पोळ्यांची कणीक मळून ठेवली होती. तुम्ही हात धुतलेत, खांद्यावरची दस्ती झटकून परातीवर टाकलीत आणि तिच्याखाली हात घालून कणकेत बोटं रुतवलीत. हात काढून म्हणालात, “वाच.” मी दस्तीखाली हात घातला. कणकेत तुमच्या बोटांचे खड्डे होते, अजून ऊबदार. दोन पूर्ण, एक अर्धा. “अडीच,” मी म्हटलं. तुम्ही मान हलवलीत. “आता कणीक सारखी कर आणि तुझा सांग.” त्या दिवशी पोळ्यांना फार उशीर झाला.

पण उद्याच्या पोरांना हे सांगितलं तर ती हसतील. त्यांच्या प्रशिक्षणाला मी पण जाऊन आलेय. पडद्यावर चित्रं दाखवतात, दोन हात मिळवलेले, दोघंही जिंकले म्हणतात. वाईट नसतं काही. पण ऐका, यंदा लातूरला काय झालं ते.

लातूरच्या एका गुरुजींचा फोन आला. निवृत्त होऊन बरीच वर्षं झालेले. म्हणाले, तुमच्या सासऱ्यांनी आमच्या वडिलांना देवणीच्या बाजारात जोडी घेऊन दिली होती, आता आमचं घर तुम्ही विकून द्या. नवराबायको पुण्याला लेकीजवळ राहायला निघालेले. घराच्या तळमजल्यावर एक बाई खानावळ चालवते. क्लासला आलेली खेड्यापाड्यातली पोरं तिच्याकडं जेवतात, मावशी म्हणतात, तर सगळं गावच तिला मावशी म्हणतं. नवरा भाजी आणतो, कमी बोलतो. घर तिलाच घ्यायचं होतं. बँकेनं कर्ज मंजूर केलं होतं, पण त्याला मर्यादा होती. दुसरीकडं एक बिल्डर टपून होता, त्याला तिथं होस्टेल बांधायचं होतं. घर त्याच्याकडं गेलं की मावशीची चूल उठली. जिथं पोरं तिथं खानावळ, आणि त्या गल्लीत दुसरी जागा भाड्यानं मिळेना. गुरुजींच्या मनात घर मावशीलाच द्यायचं होतं, हे त्यांनी मला पहिल्याच दिवशी जिन्यात सांगितलं. म्हणजे सौदा झाल्यातच जमा होता, मामा. आणि मी काय केलं, तर सगळ्यांना गुरुजींच्या गॅलरीत एकत्र बसवलं. गुरुजी, त्यांचे दोन्ही जावई, मावशी, तिचा नवरा, तिचा भाऊ. चहा मागवला. प्रशिक्षणात शिकवतात तशी मोकळी चर्चा.

थोरल्या जावयानं बिल्डरच्या भावाचा विषय काढला. गुरुजी ताठ झाले. जावयांसमोर आपण भोळे दिसू नये म्हणून त्यांनी एक आकडा मोठ्यानं बोलून टाकला आणि वर म्हणाले, “याच्या खाली मी यायचा न्हाई. जबान म्हणजे जबान.”

मावशी चहाचा कप खाली ठेवत म्हणाली, “गुरुजी, इतकी वर्षं भाडं घेतलं तेव्हा जबान कुठं होती? पावसात छत गळायचं तर पातेली मीच लावायची!”

“आणि तुझ्या फोडणीनं माझ्या भिंती काळ्या झाल्या, तरी मी बोललो का?”

“हाव, बोलला न्हाईत. जेवायला खाली आलात रोज!”

तिचा भाऊ हसला, धाकटा जावई हसला, आणि गुरुजींचं तोंड पडलं. मावशीनंही मग बँकेच्या मर्यादेपेक्षा खालचाच आकडा रागानं सांगितला आणि उठली. “घर तुमच्यापाशीच ठेवा,” म्हणाली. दोघांचे आकडे चार माणसांत हवेत लटकलेले, आणि मध्ये मी, थंड चहा घेऊन. बसनं परत येताना लोह्यापर्यंत मला तुमचाच आवाज ऐकू येत होता. मागं सरकायला जागा ठेवावी लागते बाई.

दोन दिवसांनी पुन्हा गेले, एकटीच. तुमची लाल दस्ती माझ्या पर्समध्ये असतेच. पोरं जेवून क्लासला गेली होती. मावशी रात्रीची कणीक मळत होती, केवढा तरी मोठा गोळा. वर जाऊन गुरुजींना म्हटलं, खाली या, जावयांना नका आणू. भांडण झाल्यापासून ते खाली जेवायला आले नव्हते. आले, पण दारातच उभे राहिले. मी परातीवर दस्ती टाकली. गुरुजी बघतच राहिले.

“हे तर देवणीचं!” ते म्हणाले. “आमच्या वडिलांचा हात मी असाच दस्तीखाली जाताना बघितला होता.”

मावशीला काय चाललंय कळेना. मी समजावून सांगितलं. तिच्या बँकेची मर्यादा गुरुजींना माहीत होती. तिच्या खाली काय आणि वर काय, ते एकेका बोटात बसवून दिलं. ती म्हणाली, “आधी हात धुवा गुरुजी. पोरं जेवतात यात.” गुरुजींनी शाळेतल्या पोरासारखे दोन्ही हात धुऊन दाखवले.

मग त्यांनी बोटं रुतवली. मावशीनं वाचली, कपाळाला आठी घालून. कणीक सारखी केली, आपली बोटं रुतवली. पुन्हा गुरुजी. नळ ठिबकत होता. मी मुद्दाम खिडकीकडं बघत होते, तुम्ही बैलाकडं बघायचात तशी. एकदा गुरुजी बराच वेळ हात आत ठेवून थांबले. मग त्यांनी खालचा आकडा दिला असणार, कारण मावशीनं वाचला आणि तिचे डोळे भरले, आणि तिनं कणीक सारखी करून पुन्हा बोटं रुतवली. गुरुजींनी ती वाचली आणि म्हणाले, “अगं, ही तर तू वर चढलीस!”

“तुम्ही उतरलात ना,” ती म्हणाली.

गुरुजींनी मूठ कणकेत दाबली. ठरलं. मग तिथंच कडेला एक बारीकसं बोट टोचलं. मावशीनं चाचपून विचारलं, “आता हे आणि काय?”

“ती माझी भाकरी,” गुरुजी म्हणाले. “लातूरला आलो की.”

संध्याकाळी जावयांनी किती म्हणून विचारलं तेव्हा गुरुजी एवढंच म्हणाले, “मला मान्य हाय. बाकीचं कागदावर बघा.” खरेदीखत झालं. मावशीनं भिंतींना रंग दिलाय, आणि फोडणीच्या मागची भिंत तशीच काळी ठेवलीय. त्या दिवशीच्या कणकेचं काय केलं विचारलं तर म्हणाली, “पोळ्याच केल्या की. पोरांना गोड लागल्या.”

उद्या मी हे सांगणार आहे. पोरं हसली तरी सांगणार आहे. घराला भाव असतो आणि माणसाला तोंड असतं, आणि एजंटला दोन्ही सांभाळावं लागतं, हे त्यांना कुठल्या तरी पडद्यावर कळण्याआधी कणकेत कळू दे. पण गुरुजींनी मूठ दाबली तेव्हा मला जे आठवलं ते मी तिथं सांगणार नाही. ते तुम्हालाच सांगते.

तुमचं अर्धं अंग गेलं होतं, वाचा गेली होती. दवाखान्यात मी तुमच्या उशाशी बसलेली आहे. तुमचा मुलगा औषधं आणायला खाली गेलाय. तुम्ही चांगल्या हातानं अंगावरची चादर ओढता, मला वाटतं थंडी वाजतेय, म्हणून मी चादर नीट करायला हात पुढं करते, आणि तुम्ही चादरीखाली माझा हात धरता. पहिल्यांदा. दोन बोटं धरता. मग एकाचं वरचं पेर दाबता. थांबता. मग पुन्हा, तीन बोटं, मग एक. तुम्ही माझ्याकडं बघत नाही, समोरच्या भिंतीकडं बघता. मी वाचायचा प्रयत्न करते. काय विकताय, काय मागताय, घराचं म्हणता की मुलाचं की आत्याबाईंचं, काही कळत नाही. तुम्ही पुन्हा तेच दाबता, आणि मी तुमचा सगळा पंजा माझ्या हातात घेऊन आवळते. ठरलं. तुमचा हात सैल पडतो आणि तुम्ही झोपता.

तुम्ही गेल्यावर सगळ्यांनी विचारलं, शेवटी काही सांगितलं का. मी म्हटलं, न्हाई. हा कागद आता दस्तीत घडी करून ठेवते. धाडायचा तरी कुठं? उद्या मी त्या पोरांना ठणकावून सांगीन की समोरच्याचा आकडा कळल्याशिवाय कधी हो म्हणू नका. आणि मला, मामा, तुमचा आकडा कळलाच नव्हता.