कॅसेटवर नाव नको

प्रिय सुभाषभावजी,

तिकडे आई कशा आहेत? आबांचा खोकला थांबला का? आणि तुमचा घसा? ओरडून ओरडून बसला होता, आता तरी मोकळा झाला का?

इकडे दोन टेपरेकॉर्डर समोरासमोर ठेवलेत. एक तुमचं गाणं वाजवतोय, दुसरा ते भरून घेतोय. भरताना खोलीत बोलायचं नाही, म्हणून कागद घेतला. जिवाला चैन नाही हो.

याच भिंतींना गोधड्या टांगून तुम्ही तिघं मित्र गाणी भरायला बसायचात. रॉकेलचा डबा, मोडकं बुलबुलतरंग आणि तुमचं ओरडणं. शेजारच्या शांताक्का मध्येच दारात आल्या. "गो, गाणं हाय का भांडान?" तुम्ही म्हणालात, "दोन्ही हाय, अक्का. बसा." तेही कॅसेटवर आलं. तुम्ही पुसलं नाहीत.

नियम तुमचाच. कोरी कॅसेट आणेल त्याला फुकट भरून द्यायची, वर नाव घालायचं नाही. नाव घातलं की गाणाऱ्याचा पुढारी होतो म्हणायचात. कशेडीत तुमचा ट्रक उलटला, तेव्हा घाटातल्या हॉटेलात तुमचीच कॅसेट चालू होती म्हणे. मालकाला पत्ताच नाही! इतकं बिननावाचं राहायचं असतं का?

आता एका पुढाऱ्याला तुमचं पाण्याचं गाणं सभेत लावायचंय. पुढाऱ्यांवरचं कडवं कापून, सुरुवातीला स्वतःचं नाव घालून. बदल्यात आमच्या राजूला कारखान्यात चिकटवणार. मूळ कॅसेट न्यायला उद्या माणूस येतोय. तुमचे दादा हो म्हणून बसलेत. मी तोंड फिरवलं तर म्हणाले, "मेलेल्याला काय फरक पडतो?"

पडतो ना, भावजी? पण राजूही माझाच. बारावी होऊन ओट्यावर बसून असतो, जेवायला हाक मारली तरी मान वर करत नाही.

म्हणून सकाळपासून भरतेय. सव, पोलादपूर, आंबेनळी घाटाखालच्या वाड्या, सगळीकडची माणसं कोऱ्या कॅसेटी ठेवून गेलीत. तुमच्या दादांनी मूळ कॅसेट देऊन टाकली तरी अख्खं गाणं माणसांकडे राहील. आणि शब्द देते, तो माणूस आला की दारातच सांगणार: तुम्हीही कोरी कॅसेट आणा, भरून देते. कडव्यासकट.

मग राजूची नोकरी जाईल. त्याला काय सांगू, तेवढं लवकर लिहून कळवा.

तुमची,
वैनी