आजींना दिसतं

मंगळवार, ४ मार्च

ती. मावशीस,
सा. न. वि. वि.

तू मला ज्या सेवा केंद्रात पाठवलंस, त्यांच्यातर्फे मी दर रविवारी एका आजींना पेपर वाचून दाखवते. त्यांना दिसत नाही, असं तूच मला सांगितलं होतंस. मावशी, त्यांना दिसतं! परवा माझ्या बाहीवरचा धागा त्यांनी चिमटीत धरून अलगद काढला. मग मी मुद्दाम एक ओळ गाळली, तर लगेच पेपरात डोकावल्या आणि पुन्हा छताकडे बघत बसल्या.

ज्यांना खरंच दिसत नाही, असे कितीतरी जण वाट बघताहेत. केंद्रातल्या ताईंना सांगितलं तर आजींकडचं माझं जाणं बंद होईल आणि त्यांच्याकडे दुसरं कुणी फिरकत नाही. गप्प बसले तर मीही लबाडीत सामील. काय करू?

रागावलीस तरी उत्तर धाड.
तुझी ठकी

शनिवार, ८ मार्च

चि. ठकीस,
अनेक आशीर्वाद.

पोलिसात कधी लागलीस गं? एका धाग्यावरून म्हातारीला धरलंस! ताईंकडे धावण्याआधी आपली रीत आठव. जेवताना मी विचारायचे, आज काय केलंस आणि त्यातून तुला काय कळलं? तू मात्र भावाने काय केलं तेच सांगायचीस. या वेळी फक्त स्वतःचं बघ. आणि त्या डुगडुगत्या खुर्चीत बसू नकोस, पाठ धरेल.

माझी माया आहे तशीच आहे, तिच्यावर तरी संशय घेऊ नकोस.
मावशी

सोमवार, १७ मार्च

ती. मावशीस,
सा. न. वि. वि.

स्वतःचं बघितलं. सुरुवातीला मी मान खाली घालून पुटपुटायचे. तोंडात गोटी धरली आहेस का, असं आजी खेकसायच्या. परवा ऑफिसच्या बैठकीत अहवाल मीच वाचला. शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू आला, असं साहेब म्हणाले. मग मला भलताच संशय आला, की इथे मदत नक्की कोण कुणाला करतंय?

ताईंना जाऊन विचारलं. त्या चकितच झाल्या. म्हणाल्या, आजी आमच्या जुन्या स्वयंसेविका. चारचौघांत तोंड न उघडणाऱ्या मुलीला बोलतं करायचं काम त्यांनी आपणहून घेतलंय, हे तुला ठाऊक नाही? आणि मी समजत होते, स्वयंसेविका मी!

पुढे त्यांनी विचारलं, आता तू धीट झालीस, तर भेटी थांबवायच्या का? माझ्या डोळ्यांपुढे आजींचा रिकामा रविवार आला. मी म्हटलं, छे, अजून फार पुटपुटते. मावशी, मी चक्क खोटं बोलले, तेही ठणठणीत आवाजात.

काल गेले तेव्हा आजींच्या उशीखालून चष्म्याची काडी डोकावत होती. मी पेपर उघडला. वाचताना एक बातमी मुद्दाम तोंडातल्या तोंडात वाचली. आजी अशा खेकसल्या! आणि मग किती खूश दिसल्या.

लोभ आहेच, पण आता जरा खुलासाही असावा.
तुझी ठकी

ता. क. आजींकडची खुर्ची डुगडुगते, हे मी तुला कधी लिहिलं होतं?