उठून गेलेल्या माणसाला घातलेला हार

आये, तू गेल्याला इतकी वर्षं झाली, पण तुला काही सांगायला म्हणून मी कधी बसले नाही. वेळ नव्हता. बसायचं ते बाजारात, आणि घरी आलं की पाय वर करून पडायचं. आज बसलेय, कारण ऐकायला माणूस उरलं नाही. मुलगी म्हणते, आई, तू राजकारणावर सुरू झालीस की शेजारचे दार लावून घेतात. लावू देत. तुझ्या तोंडावर दार लावायची कुणाची छाती नव्हती, म्हणून तुलाच लिहिते. चौथीपर्यंत शिकलेय, तुझ्यापेक्षा चार यत्ता जास्त. चुकलं तर चुकलं.

विषय आपल्या ओट्याचा आहे. पनवेलच्या जुन्या मासळी बाजारातला, पाण्याच्या नळाकडून तिसरा, जिथे तू बसलीस आणि तुझ्यानंतर मी बसले. तिथला कायदा तुला सांगायला नको, तूच तो मला शिकवलास, तरी लिहिते, कारण पुढचं सगळं त्यावरच बिघडलं. बाई आजारी असो, बाळंत असो, माहेरी गेलेली असो, तिच्या जागेवर तिची मासळीची पाटी पालथी घालायची आणि वर एक दगड ठेवायचा. मग महिना जाऊ दे, दोन महिने जाऊ दे, तिथे कुणी बसत नाही. तू शेवटच्या आजारात घरी पडून होतीस तेव्हा ओट्यावर तुझी पाटी अशीच पालथी होती. होळीची गर्दी, पाय ठेवायला जागा नाही, आणि कुठली तरी नवी बाई येऊन तिथे टेकली. शेजारच्या ओट्यावरची काकी, तुझी जोडीदारीण, हातातला कोयता खाली न ठेवता तिला म्हणते, "उठ बाय. दिसत नाय का, बाई बसलीय ती." पालथ्या पाटीला बाई म्हणाली. आणि ती नवी बाई उठली पण, सॉरी बोलून उठली. आमच्याकडे रिकामी जागा म्हणजे भरलेली जागा. हे माझ्या हाडात मुरलेलं होतं, आणि तिथेच मी फसले.

दुसरी गोष्ट तू मला मारून शिकवलीस. मी बारा वर्षांची असेन. तू नळावर गेली होतीस आणि मी एका मास्तरांना जिताडा दिला, ताजा आहे म्हणून छातीठोक सांगून. संध्याकाळी मास्तर मासा परत घेऊन आले. तू त्यांना तुझ्या पाटीतला चांगला मासा दिलास. घरी आल्यावर चुलीपुढे मला उभं केलंस. भात रटरटतोय, धूर डोळ्यात जातोय, आणि तू विचारतेस, "कल्ला उघडून बघितलास?" मी म्हटलं, नाय. "मग तोंड कशाला उघडलंस?" आणि पाठीत धपाटा. तेव्हापासून लाल कल्ला बघितल्याशिवाय मी एक मांदेली कुणाला ताजी म्हणून दिली नाही. माशाच्या बाबतीत. माणसाच्या बाबतीत तोंड उघडलं ते उघडलंच.

माणूस तुझ्या माहितीतला आहे. त्याची आई तुझं गिऱ्हाईक, दर रविवारी चिंबोऱ्या न्यायची. तो मोठा झाला, पक्षात गेला, आणि पक्ष कुठला, तर सत्तेत नसलेला. पालिकेत विरोधी बाजूचा पुढारी झाला. सगळे त्याला भाऊ म्हणायला लागले. भाषण काय करायचा, माईकला घाम फुटायचा. आम्हाला बरं वाटायचं, कुणीतरी आहे मोठ्याने बोलणारं. मग एक दिवस ओटे पाडायची गोष्ट निघाली. ओटे पाडायचे, तिथे मोठी इमारत बांधायची, आणि आम्ही मासळीवाल्या तिच्या तळघरात. हा आमच्यात आला, ओल्या गोणपाटावर बसला, पँट भिजली तरी उठला नाही. म्हणाला, "मावशी, आधी माझ्या अंगावरनं बुलडोझर न्यावा लागेल." काकी मला हळूच म्हणाली, "इस्त्रीच्या कपड्यांवरनं कोण बुलडोझर नेतो गो?" मी तिला गप्प केलं. निवडणुकीत मीच ओट्या-ओट्यावर फिरले होते, माणूस आपला हाय, मी सांगते म्हणून. चाळीस बायकांनी माझ्या शब्दावर त्याला मत दिलं. कल्ला मी उघडून बघितला नव्हता.

ओटे पाडायचा ठराव पालिकेत आला त्या दिवशी आम्ही सगळ्या पालिकेच्या दारात. अख्खा बाजार पालथ्या पाट्यांचा ठेवून गेलो, असं तुझ्या वेळी पण कधी झालं नसेल. ऊन डोक्यावर आलं, आणि हा आतून येतो, मागे त्याचे सात-आठ जण, मुठी वर. पायरीवर उभा राहून म्हणतो, "आम्ही सभात्याग केलेला आहे. या पापात आमचा पक्ष भागीदार होणार नाही." मी बाजूच्या पोरीला विचारलं, काय केला म्हणतोय? ती बारावी झालेली. म्हणाली, "रागाने उठून आले ते." मला वाटलं, वा. आत आता त्यांच्या खुर्च्या रिकाम्या आहेत, म्हणजे भरलेल्याच आहेत. हे परत आत जाऊन बसेपर्यंत तिथे कोण काय ठरवणार? मी फुलवाल्याकडून हार आणला आणि त्याच्या गळ्यात घातला. त्या दिवशीचा सगळ्यात मोठा जिताडा, जो मी लग्नाच्या गिऱ्हाइकासाठी बर्फात राखला होता, तो त्याच्या हातात दिला. फोटो काढला लोकांनी. पेपरात आला. मी दात काढून हसतेय आणि तो माझा मासा धरून उभा आहे.

चार दिवसांनी पालिकेतला शिपाई बोंबील घ्यायला आला. जुनं गिऱ्हाईक, सरळ माणूस.

"मावशी, त्यांना हार कोणी घातला?"

"मीच. का रे?"

"कशाबद्दल?"

"उठून आला ना तो. बाकीच्यांनी बसून पैसे खाल्ले असते."

तो हसायला लागला आणि माझं तोंड बघून थांबला. म्हणाला, "मावशी, ते बाहेर पडले आन् दोन मिनिटांत ठराव मंजूर. विरोध कोणाचाच नाय असं लिहिलंय कागदावर. बसून हात वर केले असते तर तुमचे ओटे वाचत होते. सत्तेतले दोघं-तिघं पन तुमच्याच बाजूने होते, ते यांच्याकडे बघत राहिले."

"पन खुर्ची होती ना त्याची आत."

"खुर्चीला हात नसतात, मावशी."

मी बोंबील मोजायला विसरले. तो गेल्यावर काकीने बाकीचं सांगितलं, तिला आधीपासून माहीत होतं आणि मला सांगायची सोय मी ठेवली नव्हती. करंजाड्याला भाऊची बिल्डिंग उभी राहत होती, तिच्यावर मजला जास्त चढवल्याची नोटीस लागली होती. ठरावाच्या दुसऱ्याच दिवशी नोटीस भिंतीवरून गेली आणि काँक्रीटचा मिक्सर परत फिरायला लागला.

मी त्याच्या कामोठ्याच्या ऑफिसात गेले. अंगाला वास होता बाजाराचा, मुद्दाम धुतला नाही. आत एसी, काचेचं टेबल, आणि भिंतीवर माझा फोटो, आये, फ्रेम करून लावलेला, मी, तो आणि जिताडा. येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवायला, की बघा, गरीब बायका मला किती मानतात. चहा मागवला त्याने. मी म्हटलं, चहा नको, आत हात वर का नाय केलास ते सांग.

"मावशी, तुमाला राजकारण कळायचं नाय. वरून दाब होता."

"वरून आमच्या पाटीवर घारी येतात. आमी कोयता दाखवतो त्यांना. पाटी टाकून पळत नाय."

"कधी कधी दोन पावलं मागे यावं लागतं."

"मागे ये ना. पन मागे आलास तर हार कशाला घेतलास?"

यावर त्याने फोन उचलला. फोन वाजला नव्हता.

तुला खरं सांगते, सत्तेत बसलेल्यांचा मला एवढा राग नाही. त्यांनी ओटे पाडतो म्हटलं आणि पाडले, ते बोलले तसे वागले. त्यांच्याकडे मी काही मागायला गेलेच नव्हते. राग आहे तो आपल्या बाजूने ओरडणाऱ्याचा. दाब सगळ्यांवर येतो. माझ्यावर नाही आला? नवऱ्याने दारू पिऊन पाटी लाथाडली तरी दुसऱ्या दिवशी मी ओट्यावर होते. माणूस वाकतो, मला कळतं, त्याची पण बायकापोरं असतील. मग येऊन सांग ना, बायांनो, माझ्याच्याने होत नाही, तुमचं तुम्ही बघा. आम्ही बघितलं असतं. वकील गाठला असता, ओट्यावर आडव्या पडलो असतो, पडलो नसतो तर नसतो, पण ते आमच्या हातात राहिलं असतं. याने ते पण ठेवलं नाही. आम्हाला वाटलं आपला माणूस लढतोय, म्हणून आम्ही घरी जाऊन भात खाल्ला. तो वाकला, आणि फोटो मात्र ताठ उभं असल्याचा काढून घेतला. आणि हे एकट्याचं नाही. टीव्ही लावला तर तिथे पण तेच, मोठ्या सभागृहात पण तेच, ओरडतात, उठतात, बाहेर येऊन कॅमेऱ्यापुढे उभे राहतात, आणि आत काम उरकून जातं. मी आता टीव्हीवर कुणी उठून चाललं की चॅनेल बदलते.

आम्ही तळघरात गेलो. फरशी गुळगुळीत, पाणी जायला वाट नाही, म्हातारी गिऱ्हाइकं पायऱ्या उतरत नाहीत. वरच्या मोबाईलच्या दुकानाबाहेर उभी राहून विचारतात, मासळी मिळते का हो अजून इथे? जागा चिठ्ठ्या टाकून दिल्या, खांबांवर नंबर लिहिले. आणि तो पालथ्या पाटीचा कायदा तिथे खाली उतरलाच नाही. काकीला मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, ती तीन आठवडे घरी. मी तिची पाटी पालथी घालून ठेवली. दोन दिवस चाललं. तिसऱ्या दिवशी सुपरवायझर आला, पाटी पायाने बाजूला केली आणि तिथे बर्फाची मासळी विकणारा माणूस बसवला. मी भांडले. तो म्हणाला, "मावशी, बाई कुठेय? मला तर पाटी दिसते." काकी काळा चष्मा लावून आली, जिन्यातच उभी राहिली, खाली बघितलं, आणि परत गेली. त्यानंतर ती बाजारात आली नाही. आता मला ताप आला तरी मी जाते.

गेल्या रविवारी भाऊ हात जोडून तळघरात उतरला, मतं मागायला. पाच वर्षांत पहिल्यांदा. रुमाल नाकाला. बायका तोंड फिरवून बसल्या, मीच तसं सांगितलं होतं. माझ्यापुढे येऊन म्हणतो, "मावशी, आशीर्वाद द्या."

मी म्हटलं, "मागचा दिलेला सडला."

तो हसला, राग नाही, काही नाही. वाकून माझ्या कानाशी म्हणाला, "आमाला नाय देणार तर कोणाला देणार? ज्यांनी तुमाला इथे टाकलं त्यांना?" आणि पुढे गेला. आये, त्याला माहीत आहे. आम्हाला दुसरी वाट नाही हे त्याला आमच्यापेक्षा चांगलं माहीत आहे, त्याच्यावरच तो जगतो. माझ्या हातात कोयता होता. समोरच्या सुरमईचं डोकं मी एका घावात उडवलं, गिऱ्हाईक दचकलं.

तो गेल्यावर मी सगळ्या बायकांना गोळा केलं. आता मशीनवर शेवटचं एक बटण असतं, यातला कुणी नको म्हणून. बारावीवाल्या पोरीने सगळ्यांना समजावलं. मी शपथ घातली, सगळ्यांनी तेच दाबायचं, एकजात. त्याला कळू दे चाळीस बायका काय असतात.

आज मतदान झालं. सकाळी सगळ्यात आधी मी गेले. शाळेचा वर्ग, पुठ्ठ्याच्या आड मशीन. बोट शेवटच्या बटणावर नेलं आणि तिथेच थांबले. शिपायाचं बोलणं आठवलं. हे बटण म्हणजे तेच की. रागाने उठून बाहेर यायचं, आणि आत जे बसलेत त्यांचं दोन मिनिटांत उरकतं. मतदान अधिकारी बाहेरून म्हणाला, "आजी, झालं का?" आजी म्हणाला मेला.

मी त्याचंच बटण दाबलं. त्याच्यासाठी नाही. पण मशीनला काय कळतं कशासाठी ते.

बाहेर झाडाखाली बायका उभ्या होत्या, शाई लावलेली बोटं एकमेकींना दाखवत. मला विचारलं, दाबलं का शेवटचं? आणि काकी पण होती त्यांच्यात, नातवाचा हात धरून खास आलेली, माझ्या शब्दावर. हा कागद मी रेशनकार्डाच्या पिशवीत ठेवणार आहे, तिथे मुलगी हात घालत नाही. तुला म्हणून सांगते. मी त्यांना हो म्हटलं.